आप्पेपात्रातले व्हॉल्व्ह

जीपचं इंजिन आपण घरीच खोलायचं, असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी भाकरी थापत होते आणि सासूबाई लसूण सोलत होत्या. दोघींपैकी एकीनंही हातातलं काम थांबवलं नाही. ह्यांच्या घोषणांची आम्हाला सवय आहे. याच्या आधी छतावर मधमाश्या पाळायच्या होत्या, त्याच्या आधी पेटी वाजवायला शिकायचं होतं. पेटी अजून माळ्यावर आहे. मधमाश्या सुदैवानं आल्याच नाहीत.

"ऐकून राह्यल्या का तुमी दोघी?" ह्यांनी विचारलं.

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "खोलशीन तू. मंग बांधन कोन?"

"मीच बांधीन नं, माय."

"बरं," असं म्हणून त्यांनी पुढचा गड्डा फोडला.

ही जीप ह्यांनी फार वर्षांपूर्वी, हायवेच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. तेव्हाच ती भरपूर चाललेली होती. आमच्याकडे आल्यावर तिनं आमच्या तामसी गावातल्या निम्म्या लग्नांची वऱ्हाडं पोचवली, आदिलाबादच्या दवाखान्यात बाळंतिणी नेल्या, नागपूरला गल्लीच्या गल्ली नेऊन आणली. किलोमीटरचा आकडा एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आला आणि नंतर कधीतरी कंटाळून जागच्या जागी थांबला. गेल्या काही वर्षांत ती डिझेलबरोबर ऑइलही प्यायला लागली होती. मागून असा निळा धूर निघायचा की पोरं पंचायतीची डास मारायची गाडी आली समजून मागं पळायची. समोरच्या घरातली बाई तर जीपचा आवाज आला की दारं-खिडक्या उघडून ठेवायची. डास कमी होतात, असं तिचं म्हणणं होतं.

हायवेवरच्या एका मेकॅनिकनं बॉनेट उघडून पाहिलं, ऑइलच्या झाकणातून येणारी वाफ पाहिली आणि सांगितलं, "साहेब, हिला आता भंगारात द्या. इंजिनात काही राहिलं नाही."

हे घरी आले ते गप्पच. जेवताना गप्प, झोपताना गप्प. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

खरं सांगायचं तर तेव्हा ह्यांचं सगळंच बिनसलेलं होतं. बोथच्या मंडल ऑफिसातून रिटायर होऊन काही आठवडेच झाले होते. सगळी नोकरी लोकांच्या जमिनींचे कागद पाहण्यात गेली. आता सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हे दहाच्या सुमाराला ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडं पाहत. मी भीमपूरकडच्या शाळेत गणित शिकवते. माझी अजून नोकरी आहे. मी बाहेर पडताना हे मला गेटपर्यंत सोडायला यायचे आणि "आज जरा लवकर येशीन का?" असं विचारायचे. संध्याकाळी परत यावं तर स्वयंपाकघराची तपासणी झालेली असायची. एकदा मी सगळे डाळींचे डबे उंचीप्रमाणं लावलेले पाहिले. तुरीच्या डब्यात मूग होते. त्यामुळं इंजिनाची घोषणा झाल्यावर मी फार विरोध केला नाही. डब्यांपेक्षा इंजिन बरं.

इंजिन जीपमधून बाहेर काढायचा दिवस रविवारचा ठरला. विहिरी साफ करणाऱ्या एकाकडून ह्यांनी चेन-पुली आणली आणि अंगणातल्या लिंबाच्या जाड फांदीला बांधली. शेजारचा कापसाचा शेतकरी मदतीला आला. आमची त्याच्याशी जुनी दोस्ती आहे. शिवाय त्याला ह्यांची फजिती जवळून पाहायची होती, हे त्यानं लपवलं नाही. गल्लीतली माणसं भिंतीवर बसली. हिवाळ्याचे दिवस, ऊन गोड लागत होतं, कुणाला घाई नव्हती.

नळ्या सुटल्या, वायरी सुटल्या, साखळी कडकड वाजली आणि इंजिन खरोखरच वर आलं. भिंतीवरून टाळ्या पडल्या. जीप मागं ढकलली. इंजिन फांदीखाली लोंबकळत, हळूहळू गोल फिरत राहिलं. ह्यांनी कपाळाचा घाम पुसला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांकडं पाहिलं.

"साहेब," शेजारी साखळी धरून म्हणाला, "आता ठेवायचं कुठं?"

याचा विचार कुणीच केला नव्हता. टेबलावर ठेवावं तर टेबल मोडेल. जमिनीवर ठेवावं तर खालचं चेंबर चेपेल. हे विचार करत राहिले, शेजारी साखळी धरून राहिला, इंजिन फिरत राहिलं. आमचं जेवण होईपर्यंत ते तसंच टांगलेलं होतं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय बसवून राह्यले?" शेवटी सासूबाई हात धुवायला बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या जुन्या टायरवर ठेवा नं, बाप्पा. पान्याची गुंडी नाई का ठेवत चुंबळीवर?"

टायरवर ते असं बसलं जसं काही त्यासाठीच घडवलं होतं.

त्यानंतर आमचं घर हळूहळू इंजिनाच्या ताब्यात गेलं. खोलताना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचा, म्हणजे बांधताना चुकणार नाही, अशी ह्यांची योजना होती. योजना उत्तम. पण पुढं ते फोटो मी पाहिले तेव्हा निम्म्यांत ह्यांचा अंगठा होता, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच फोटोंत चप्पल. पिस्टन माझ्या स्टीलच्या ताटांत गेले. नट-बोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत गेले. परातीत काळं ऑइल साठलं. एक दिवस शाळेतून येऊन पाहते तर माझं आप्पेपात्र ओट्यावरून गायब.

ते ओसरीवर होतं. एकेका खळग्यात एकेक व्हॉल्व्ह डोक्यावर उभा करून ठेवलेला. आठ व्हॉल्व्ह, आणि उरलेल्या चार खळग्यांत त्यांच्या बारीकसारीक चिमट्या.

"हे काय?" मी विचारलं.

"जो व्हॉल्व्ह ज्या जागेचा, तो तिथंच परत बसला पाह्यजे," हे म्हणाले. "अदलाबदल नाई झाली पाह्यजे. याच्याइतकं चांगलं भांडं दुसरं नाई. पाह्य नं, ओळीनं कसे बसले."

सासूबाईंनी चष्मा वर करून आत पाहिलं. "लोखंडाचे आप्पे," त्या म्हणाल्या. "चटनी कायची करू?"

मी चिडणार होते. पण त्याच वेळी ह्यांनी मला इंजिनापाशी बोलावलं आणि सिलिंडरच्या आत बोट घालायला लावलं. "वरून खाली फिरव. नख लागते का?"

नख अडकलं. वरच्या काठाजवळ एक बारीक पायरी होती. पिस्टन जिथवर वर जात होता तिथवर धातू झिजलेला, आणि त्याच्या वर, जिथं पिस्टन कधी पोचलाच नाही, तिथं मूळचा तसाच. नागपूरच्या सगळ्या फेऱ्या, सगळी लग्नं, सगळे दवाखाने त्या पायरीत होते. मी पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये. मग तिसऱ्या. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या नखाखालची काळी रेघ पोरांना दिसली आणि मी हात मागं घेतला.

आतलं काम ठरलं. इंजिनाच्या ब्लॉकला आतून नव्या स्लीव्ह बसवणं आणि पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकचा दांडा घासून घेणं, ही दोन कामं अंगणात होणारी नव्हती; आदिलाबादला लेथवाल्याकडं न्यावं लागणार होतं. ब्लॉक मालवाहू ऑटोत बांधला. क्रँक मात्र ऑटोत टाकायला हे तयार होईनात. आडवा ठेवला तर क्रँक वाकतो, असं ह्यांनी फोनवरच्या एका व्हिडिओत पाहिलं होतं.

"उभाच न्यायचा. आन् धक्के नाई लागले पाह्यजे."

"मग?"

"बसनं."

बसनं म्हणजे मी. हे ब्लॉकजवळ बसून जाणार होते. सासूबाईंना डोळे दाखवायचे होते, म्हणून त्याही माझ्याबरोबर निघाल्या. क्रँक तेलकट होता. त्याला माझ्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि ह्यांनी ड्रायव्हरच्या मदतीनं तो बसमध्ये चढवला. मी सीटवर बसून तो दोन्ही गुडघ्यांमध्ये उभा धरला. लुगड्याचा काठ वर आलेला, मधेमधे फुगीर, मधेमधे बारीक. कुणीतरी लाजून उभं असावं तसं दिसत होतं.

आमच्याकडं बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. कंडक्टरही बाईच होती, तेलुगू बोलणारी. तिनं माझं कार्ड पाहिलं, सासूबाईंचं पाहिलं आणि मग गाठोड्याकडं बोट केलं.

"इदि आडदा, मगदा?"

ही बाई आहे की बाप्या, असं विचारत होती. बायकांनाच फुकट आहे ना! मी माझ्या शाळेतल्या तोडक्यामोडक्या तेलुगूत सांगू लागले की हे जीपचं सामान आहे. सासूबाईंना तेवढा धीर कुठला.

"लुगडं नेसली हाये," त्या मराठीतच म्हणाल्या. "दिसून नाई राह्यलं का?"

आदिलाबादकडच्या कंडक्टरला मराठी समजतंच. ती एवढी हसली की तिला दांडा धरून उभं राहावं लागलं. पुढच्या बायका वळून पाहायला लागल्या. एकीनं लुगड्यावर हात ठेवून पाहिलं आणि "अव माय, थंडगार!" म्हणून हात मागं घेतला. कंडक्टरनं हसत हसत सामानाचं तिकीट मात्र फाडलंच.

लेथवाला हिंदीत बोलणारा, हळू माणूस होता. त्यानं सगळं मापून पाहिलं आणि विचारलं, "कितना चली है, साब?"

"काटा थकला, ही नाई थकली," हे मराठीत म्हणाले, आणि मग हिंदीत म्हणाले, "बहोत."

"घर पे बांधोगे? मॅडम मान गईं?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या साडीवर काळे डाग, हातात क्रँक. "मॅडम ही तो लेके आई है," हे म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमान होता, तो मला ऐकू आला.

सामान परत येईपर्यंत व्हॉल्व्ह घासायचं काम होतं. दांड्याच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, खाली खरखरीत मलम लावायचं आणि दांडा दोन्ही तळहातांत धरून उलटसुलट फिरवायचा. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांना घासून एकजीव होईपर्यंत. ह्यांनी ओसरीवर बसून पहिला व्हॉल्व्ह घासायला घेतला आणि थोड्या वेळातच मनगट दुखतं म्हणून उठले.

सासूबाई पाहत होत्या. "हे तं ताक करनं झालं," त्या म्हणाल्या. "आन इकडं."

मग संध्याकाळी टीव्हीसमोर चटईवर इंजिनाचं हेड, एका बाजूला सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला मी. मालिकेत एका सुनेला घराबाहेर काढत होते आणि आम्ही दोघी खर्र-खर्र, खर्र-खर्र दांडे फिरवत होतो. सुरुवातीला आवाज जाड यायचा; घासून घासून बारीक व्हायचा. आवाज बारीक झाला की सासूबाई हात थांबवायच्या, व्हॉल्व्ह उचलून कडेची राखाडी रेघ पाहायच्या आणि पुढचा मागायच्या. जाहिराती लागल्या की त्यांचा वेग वाढायचा.

सगळे बसवून ह्यांनी हेड उलटं केलं आणि वरून रॉकेल ओतलं. कुठून झिरपतं का ते पाहायला. सकाळी पाहिलं तर सात जागा कोरड्या आणि एक ओली. ओली होती ती ह्यांनी घासलेल्या व्हॉल्व्हची.

"वॉशर खराब असन," हे म्हणाले.

"तिथं वॉशर असते का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नसते," मी म्हणाले.

हे तो व्हॉल्व्ह पुन्हा घासायला बसले.

संक्रांतीच्या सुट्टीत इंजिन बांधायला घेतलं. सकाळची थंडी एवढी की लोखंडाला हात लावला की बोटं चिकटतील असं वाटायचं, म्हणून ऊन अंगणात उतरल्यावरच काम सुरू व्हायचं. क्रँक बसला. रिंगा चढवलेले पिस्टन पत्र्याच्या पट्टीत आवळून, हातोड्याच्या लाकडी दांड्यानं टुकटुक करत खाली उतरवले. ह्यांच्या हातात उसना आणलेला पाना होता. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की तो कट्ट असा वाजतो. माझं काम आकडा वाचून दाखवण्याचं. प्रत्येक कट्टला सासूबाई खुर्चीवरून विचारायच्या, "मोडलं का?" आणि हे प्रत्येक वेळी सांगायचे, "नाई, माय. बसलं."

सगळे पिस्टन बसल्यावर ह्यांनी क्रँकला पाना लावून फिरवायला घेतलं. फिरेना. शेजाऱ्याला बोलावलं, दोघांनी मिळून जोर लावला. तसूभर हलला आणि अडला.

"नवीन काम हाये," हे म्हणाले. "सुरुवातीले घट्टच राह्यते."

"एवढं घट्ट?"

"राह्यते."

"मग आधी का फिरत होता? पिस्टन बसवायच्या आधी मी स्वतः हातानं फिरवला होता."

"तुले काय समजते त्यातलं?"

हे वाक्य बोलल्याबरोबर शेजाऱ्याला घरी काम आठवलं. मीही आत गेले. त्यानंतर आमच्यात अबोला झाला. निरोप सासूबाईंमार्फत जायचे. "ह्यांना सांगा, चहा झाला." "तिले सांग, नको." सासूबाई दोन्हीकडचे निरोप आपल्या पदरचे चार शब्द घालून पोचवायच्या, त्यामुळं अबोल्यात आमचं बोलणं एरवीपेक्षा जास्तच झालं.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी परतले तेव्हा हे इंजिनासमोर पाटावर बसले होते. हातात पाना नव्हता. हात गुडघ्यांवर. मला पाहून उठले नाहीत.

"ऑफिसात चूक झाली तं वर कोनी तरी राह्यचं," हे म्हणाले. माझ्याशीच, मधे कुणी न घेता. "फाइल वापस यायची, दुरुस्त करून पाठवायची. इथं माह्यावर सही करनारा कोनी नाई. मले समजूनच नाई राह्यलं, कुठं चुकलं."

मी पिशवी खाली ठेवली. त्या क्षणी टोमणा मारणं फार सोपं होतं. मी तो नंतरसाठी ठेवला.

"वर्गात आवाज होत असतो आणि कोण करतं ते कळत नाही, तेव्हा मी काय करते माहीत आहे?" मी म्हणाले. "एकेकाला बाहेर काढते. ज्याला काढल्यावर वर्ग शांत होतो, तो."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"इंजिनाखाली पिस्टनचे दांडे क्रँकला धरून ठेवणाऱ्या चार कॅपा आहेत. एक ढिली करा, फिरवून पाहा. फिरत नसेल तर ती पुन्हा आवळा, दुसरी ढिली करा."

पहिली ढिली केली, अडलेलाच. दुसरी, अडलेलाच. तिसरीचे बोल्ट सैल केले आणि क्रँक असा फिरला की पाना ह्यांच्या हातातून निसटून पडला. कॅप काढून पाहिली. उलटी बसली होती. कॅपेवरची खूण आणि दांड्यावरची खूण एकाच बाजूला यायला हवी होती. एक इकडं होती, एक तिकडं. बेअरिंगला ओरखडा गेला होता, पण खोल नव्हता. ह्यांनी ती जोडी बदलून नवी घातली, कॅप सुलट बसवली, आवळली. कट्ट. कट्ट.

"मोडलं का?" आतून आवाज आला.

"नाई, माय," हे म्हणाले आणि खाली बसून हसायला लागले. बराच वेळ हसत होते. मीही.

टोमणा मी नंतर मारला. मग रोज मारत राहिले.

इंजिन पुन्हा लिंबाखालून जीपमध्ये गेलं. पाणी भरलं, नवं ऑइल भरलं. नळ्यांमध्ये हवा धरली होती, ती काढायला पंपाचं बटण अंगठ्यानं दाबत बसायचं, नळीच्या तोंडाशी बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत. तो अंगठा माझा. मग ह्यांनी चावी फिरवली. बॅटरीनं एकदा कण्हल्यासारखं केलं आणि जीव सोडला.

"धक्का," शेजारी म्हणाला, आणि भिंतीवरची सगळी माणसं उतरली.

गल्लीला पुढं उतार आहे. हे स्टिअरिंगवर, बाकी सगळी तामसी मागं. जीप सुटली, ह्यांनी गिअर टाकून क्लच सोडला, जीपनं गचका दिला, पुन्हा गचका, मग एक फटाका वाजावा तसा आवाज, आणि पांढऱ्या धुराचा एवढा लोट आला की ढकलणारी माणसं दिसेनाशी झाली. धुरातून नुसता खोकला ऐकू येत होता. मग खोकल्याच्या मागून दुसरा आवाज यायला लागला: धडधड, धडधड, एकसारखी. धूर पातळ होत गेला आणि मग थांबला. मागं हवा स्वच्छ होती. समोरची डासांची बाई दारात उभी होती. तिचा चेहरा जरा पडलेला वाटला.

हे फेरी मारून जीप दारात घेऊन आले, पण इंजिन बंद करेनात. बंद केलं आणि परत चालूच झालं नाही तर? मी सांगितलं, आता सुरू होईल. ह्यांनी मान हलवली. जेवायची वेळ झाली तरी हे स्टिअरिंगवरच. शेवटी मी ताट बाहेर नेऊन दिलं. पिठलं-भाकरी मांडीवर घेऊन, एक कान इंजिनाकडं लावून हे जेवले. जाणाऱ्या एका ओळखीच्यानं थांबून विचारलं, "साहेब, घरात भांडन झालं का?"

"नाई नाई. गाडी चालू हाये," हे म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले.

इंजिन चालूच आहे तर कुठं तरी जाऊ, असं सासूबाईंनी ठरवलं. त्या मागं चढून बसल्यासुद्धा. "पैनगंगेवर चाल, बाबू. लय दिवस झाले." नदीच्या पलीकडं महाराष्ट्र, आणि पलीकडंच त्यांचं माहेर.

नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी हळू चालवायची असते. हे नियमाला पक्के. भीमपूरच्या रस्त्यावर कापूस भरलेला ट्रॅक्टर आमच्या पुढं गेला. मग दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला मागून आला, काही वेळ आमच्या बाजूनं चालला, आत डोकावून पाहिलं आणि पुढं निघून गेला.

"मी पायी लवकर पोचत होती," सासूबाई मागून म्हणाल्या.

हे खरंच होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या याच रस्त्यानं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला पायी गेल्या होत्या. एका ठिकाणी त्यांनी बोटानं दाखवलं, "इथं एक बोर होती. तिच्याखाली भाकर खायचो आमी." आता तिथं सोयाबीनचं रान होतं. बोर नव्हती.

नदीवर पोचलो. पाणी हिवाळ्याचं, कमी आणि स्वच्छ. सासूबाई उतरल्या, काठावर गेल्या आणि पलीकडं पाहत उभ्या राहिल्या. जीप मागं धडधडत होती.

"बंद कर नं त्याले आता," त्या वळून म्हणाल्या. "काईच ऐकू नाई येत."

ह्यांनी आईकडं पाहिलं, इंजिनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग हात लांबवून बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की पाण्याचा आवाज आला, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं तो आवाजही. सासूबाईंनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि एका दगडावर बसल्या. आम्ही दोघं जीपला टेकून उभे राहिलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा निघालो.

ह्यांनी चावी फिरवली. तेवढ्या चालण्यानं बॅटरी भरली होती; इंजिन लगेच सुरू झालं. मग हे दार उघडून खाली उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडं."

"कुठं?"

"चालवायले. घे तू."

इतकी वर्षं ही जीप दारात होती. मी कधी मागितली नव्हती, ह्यांनी कधी दिली नव्हती; दोघांना ते सुचलंच नव्हतं. "मला येत नाही," मी म्हणाले.

"आत काय काय हाये ते तं माईत हाये नं तुले? बाकीचं सोपं हाये."

क्लच, गिअर, हळू सोड, असं ह्यांनी सांगितलं. मी सोडला. जीपनं उडी मारली आणि बंद पडली. मागून सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्यांदा उडी लहान होती. तिसऱ्यांदा जीप खरोखरच चालायला लागली, आणि माझ्या पायाखाली तो क्रँक, ते पिस्टन, ते आठ व्हॉल्व्ह सगळे एकाच वेळी फिरताहेत, उघडताहेत, मिटताहेत, हे मला चपलेतून कळत होतं.

"ब्रेक," हे म्हणाले.

"समोर काही नाही."

"तरी. पाय ठेवून राह्य."

हे दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसले होते. सगळ्या नोकरीत एवढं घट्ट कशालाच धरलं नसेल. प्रत्येक वळणाच्या बऱ्याच आधी वळण आलं म्हणून सांगत होते. मी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गेले तेव्हा "शाब्बास" म्हणाले, आणि लगेच पुन्हा "ब्रेक".

भीमपूरच्या अलीकडं बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी थांबले. इंजिन बंद पडलं नाही; थरथरत, दम धरून चालू राहिलं.

"हॉर्न मार," हे म्हणाले.

"कशाला? जाऊ द्या त्यांना."

बकऱ्यांना घाई नव्हती. एक पिल्लू जीपच्या समोर थांबून बॉनेटकडं बघत राहिलं, मग उडी मारून कळपात गेलं. धनगरानं मला स्टिअरिंगवर पाहून काठी कपाळाला लावली. मागं सासूबाईंचा डोळा लागला होता. शेवटची बकरी रस्त्याच्या कडेला उतरली तसा मी क्लच सोडला, या वेळी अगदी हळू.